गोलकीपरच्या मागे उभे राहणारे

वाचकहो, या सदरात खेळाचा विषय सहसा येत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, पोरींची शाळा, दारूपायी बुडालेले पगार, हे आमचे नेहमीचे विषय. पण या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एक प्रकार घडला आणि त्यात आमचाही हात होता, म्हणून लिहिणे भाग आहे.

वस्तीमागे एक मैदान आहे. पावसाळ्यात तिथे पोरांचे फुटबॉलचे सामने होतात. बांबूचे गोल, चुन्याच्या रेषा, त्याही पहिल्या सरीत वाहून जातात. आमच्या गल्लीच्या संघाचा गोलकीपर शेजारचाच मुलगा. आठवीत शिकतो. वडील रात्रपाळीचे वॉचमन, आई अंगणवाडीत मदतनीस. पोरगा अबोल, पण चेंडूवर झेप घेताना त्याला पाहावे! सेमीफायनलला सामना बरोबरीत होता आणि दोन-तीन मिनिटे राहिली होती. लांबून मारलेला साधा चेंडू त्याच्या हातात आला, ओल्या हातातून सटकला आणि हळूहळू रेषेपलीकडे गेला.

पुढे काय झाले ते सांगायला नको. "हाताला लोणी लावून आलास काय रे?" "बांगड्या भर!" "याला कोट्यातून घेतला वाटतं!" आईबहिणीवरून जे बोलले गेले ते इथे छापण्यासारखे नाही. कोट्याचा टोमणा मैदानाच्या पलीकडच्या बाजूने आला, तो मारणारे कोण ते आम्हाला ठाऊक आहे. पण लोण्याचे वाक्य आमचे होते. आम्ही बरोबर गोलच्या मागे उभे होतो. लोक हसले, आणि खरे सांगायचे तर लोक हसले म्हणून आम्हाला बरेही वाटले. विहारात सम्यक वाचेवर आम्ही आतापर्यंत किती वेळा बोललो असू, त्याचा हिशेब नाही.

तीन रविवार गेले. पोराची आई घरी आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही समाजाचं काम करता, जरा याला समजावून सांगा. रविवार आला की याच्या पोटात दुखतं. जेवत नाही, रात्री दचकून उठतो. डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, तेही पाजलं." बापाने औषधाच्या जोडीला एक थोबाडीतही ठेवून दिली होती, मुलाची जात आणि रडतो कशाला म्हणून. पोराने फक्त बहिणीला एक गोष्ट सांगितली होती. डोळे मिटले की तो चेंडू पुन्हा पुन्हा हातातून सुटतो आणि मागे सगळे हसतात.

सगळ्यांत आम्हीही आलोच.

आमच्या कचेरीत फुटबॉलचा एक वेडा सहकारी आहे. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "बार्बोसा माहीत आहे का तुम्हाला?" आम्हाला माहीत नव्हता. त्याने सांगितले, मग आम्ही मिळेल तिथून वाचले, आणि दोन दिवस दुसरे काही सुचले नाही.

१९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक भरला. रिओ शहरात त्यासाठी माराकाना नावाचे प्रचंड स्टेडियम बांधले. १६ जुलैला तिथे शेवटचा सामना झाला, ब्राझील आणि उरुग्वे यांचा. त्या वर्षी नेहमीसारखी फायनल नव्हती, चार संघांची साखळी होती, आणि ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती. स्टेडियमात दोन लाखांच्या आसपास माणूस. उत्तरार्ध सुरू होताच ब्राझीलने गोल केला. मग उरुग्वेने बरोबरी केली. ७९ व्या मिनिटाला गिज्जा नावाचा उरुग्वेचा खेळाडू उजव्या बाजूने चेंडू घेऊन आला. पहिल्या गोलच्या वेळी त्याने तिथूनच चेंडू मध्ये दिला होता आणि साथीदाराने तो आत मारला होता. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याला वाटले, आताही तो तसेच करील. म्हणून तो जरासा पुढे सरकला. गिज्जाने मध्ये न देता सरळ मारला. खांब आणि बार्बोसा यांच्यामधल्या फटीतून चेंडू आत गेला आणि ब्राझील २-१ ने हरले.

हरले अकरा जण. आम्ही बी.कॉम. माणूस, जमाखर्चात आयुष्य गेले. अकरा जणांचा तोटा एकट्याच्या खात्यावर कसा टाकतात ते आम्ही इथे पाहिले. बोट बार्बोसाकडे गेले आणि त्याच्या जोडीला बिगोदे व जुवेनाल या दोन बचावपटूंकडे. तिघेही कृष्णवर्णीय. खरे तर बार्बोसा त्या काळातला एक उत्तम गोलरक्षक समजला जाई. आदल्याच वर्षी ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले तेव्हा गोलात तोच होता. या सामन्यानंतर देशासाठी तो जेमतेम एकदा खेळला, १९५३ साली.

त्याच्या क्लबाची कथा आपल्या वाचकांना मुद्दाम सांगितली पाहिजे. क्लबाचे नाव वास्को द गामा. १९२३ साली या क्लबाने कृष्णवर्णीय आणि मजूर खेळाडू घेऊन रिओची लीग जिंकली. बड्या घरच्या क्लबांना ते सोसले नाही. त्यांनी १९२४ साली आपली निराळी संघटना काढली आणि वास्कोला कळवले की तुमचे बारा खेळाडू काढून टाका, मग आत घेऊ. वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र पाठवले की आम्ही खेळाडू काढणार नाही, तुमच्या संघटनेत यायचे नाही एवढेच. त्या पत्राची तारीख ७ एप्रिल. तो दिवस क्लबाचे लोक अजून अभिमानाने सांगतात. अशा क्लबाचा हा गोलरक्षक. पण बाहेरचा देश वास्कोसारखा नव्हता.

सामन्यानंतर वीस वर्षे उलटून गेल्यावरची गोष्ट बार्बोसाने स्वतः सांगितली आहे. तो दुकानात गेला होता. एका बाईने त्याला ओळखले आणि आपल्या लहान मुलाला बोटाने दाखवून सांगितले की बघ, सगळ्या ब्राझीलला रडवणारा तो हाच माणूस. वाचकहो, त्या बाईने शिवी दिली नाही, आवाजही चढवला नसेल. पोराचा हात धरून बाजाराला आलेली साधी बाई. बार्बोसा तिथे वाणसामान घ्यायला आला होता.

१९९३ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, तो राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या ठिकाणी खेळाडूंना भेटायला गेला. त्याला आत जाऊ दिले नाही. याच्या येण्याने अपशकुन होईल ही भीती! आपल्या आजा-पणजांनी सावलीचा विटाळ सोसला, त्यांना हे नवे वाटले नसते. काळ्या माणसाच्या हाती गोल देऊ नये हा समजही ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये कित्येक वर्षे टिकला. २००६ च्या विश्वचषकात दिदा हा कृष्णवर्णीय गोलरक्षक पहिल्या पसंतीने उभा राहिला, तेव्हा वर्तमानपत्रांना पुन्हा बार्बोसा आठवला.

मरणाच्या थोडे आधी बार्बोसा म्हणाला होता की ब्राझीलच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची आहे, आणि मी पन्नास वर्षे भोगतो आहे. ७ एप्रिल २००० रोजी तो गेला. तारीख तीच, वास्कोच्या पत्राची. क्लबाने आता आपल्या सराव केंद्राला त्याचे नाव दिले आहे.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसऱ्या गोलरक्षकाची सांगतो, आणि हा गोरा होता. जर्मनीचा रॉबर्ट एन्के. २००२ साली तो बार्सिलोना या मोठ्या क्लबात गेला. सुरुवातीच्याच एका सामन्यात खालच्या श्रेणीतल्या लहानशा क्लबाकडून हार झाली आणि संघातल्याच एका नामांकित खेळाडूने जाहीरपणे त्याच्यावर खापर फोडले. पुढच्या वर्षी तो तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबात गेला. पहिलाच सामना ३-० ने गेला, आणि स्वतःच्याच पाठीराख्यांनी त्याच्यावर बाटल्या आणि लायटर फेकले. तेवढ्या एका सामन्यावर तो तिथून निघाला. त्या वर्षी त्याला नैराश्याने गाठले.

नैराश्य हा आजार आहे. एका शिवीने किंवा एका बाटलीने तो होतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण ज्याला तो आहे किंवा होऊ घातला आहे, त्याच्यावर लोकांचे बोलणे मिठासारखे पडते. एन्के त्यातून सावरला, हानोफरला आला, देशाच्या संघात पोहोचला. २००६ साली त्याची दोन वर्षांची मुलगी हृदयाच्या विकाराने गेली. पुढे आजार उलटला, तेव्हा त्याने तो लपवला. बाहेर कळले तर खेळ जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगी काढून घेतील, अशी त्याला धास्ती होती. १० नोव्हेंबर २००९ रोजी त्याने आपले जीवन संपवले. वय ३२. दुसऱ्याच दिवशी त्याची पत्नी तेरेसा पत्रकारांपुढे बसली आणि नवऱ्याच्या आजाराबद्दल सगळे मोकळेपणी बोलली. या आजाराविषयी लोकांना शहाणे करण्यासाठी त्याच्या नावाने संस्था निघाली आहे, ती आजही चालते.

तेरेसाबाईंचे हे धैर्य वाचताना आम्हाला आपल्या घरांची आठवण झाली. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून भावाचा आजार लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचे म्हटले की शेजारी काय म्हणतील हा पहिला प्रश्न. वस्तीत असे चार घरचे लोक आमच्याकडे संध्याकाळी अंधार पडल्यावर येतात.

आता "गंमत" या शब्दाबद्दल. आम्ही त्या पोराला बोललो ती गंमत होती, असे आम्ही स्वतःला तीन आठवडे सांगत होतो. इंग्लंडमध्ये क्रॉली टाउन नावाचा एक छोटा क्लब आहे. जॉन येम्स हा त्याचा मॅनेजर होता. आपल्याच खेळाडूंना तो वर्ण, धर्म आणि वंशावरून बोलत असे. मुसलमान खेळाडूंना दहशतवादी म्हणे, आशियाई वंशाच्या खेळाडूला जेवणावरून टोमणे मारी. खेळाडूंनी तक्रार केली. चौकशीत आरोप सिद्ध झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये १८ महिन्यांची बंदी आली. पण निकाल देणाऱ्यांनी असेही लिहून ठेवले की हा गृहस्थ जाणूनबुजून वंशवादी नाही. म्हणजे जीभच तशी, मन साफ! आपल्या कचेरीत असे मन साफ असलेले साहेब कमी नाहीत. विशेष असे की तिथल्या फुटबॉल संघटनेलाच हे पटले नाही. तिने अपील केले आणि एप्रिल २०२३ मध्ये बंदी तीन वर्षांची झाली. तक्रार करणारे खेळाडू तरुण होते आणि संघात घ्यायचे की नाही हे त्याच माणसाच्या हाती होते, हे ध्यानात घ्या. साहेबाच्या विनोदाला हसणारा हात जोडून हसतो.

आणि आपल्याकडचे? खेळ वेगळा आहे पण गोष्ट तीच, म्हणून सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला आपला महिला हॉकी संघ सेमीफायनलमध्ये अर्जेंटिनाकडून हरला. चारच दिवस आधी वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली होती. हरल्याच्या दिवशी हरिद्वारजवळच्या तिच्या गावी घरासमोर फटाके वाजले आणि जातीवरून शिवीगाळ झाली. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे ते ओरडत होते, अशी घरच्यांची तक्रार. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातीच्या नावाने लोकांदेखत शिवीगाळ करणे हा गुन्हा मानतो, आणि मैदान हे लोकांदेखतचेच ठिकाण. पण शिकलेला माणूस जातीचे नाव घेत नाही. तो कोटा म्हणतो. तेरा वर्षांच्या पोराला ते बरोबर कळते.

व्हिनिसियस ज्युनियर हा मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. तोही ब्राझीलचा, रिओच्या शेजारच्या साओ गोन्सालो या कष्टकऱ्यांच्या गावचा, आणि कृष्णवर्णीय. स्पेनमध्ये रियल माद्रिदकडून खेळताना त्याला ठिकठिकाणी माकड म्हणून डिवचले गेले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची शर्ट घातलेली बाहुली पुलावर फासाला लटकवली होती. २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सियाच्या मैदानावर त्याने खेळ थांबवला, गोलच्या मागच्या गर्दीतल्या ओरडणाऱ्या माणसाकडे बोट दाखवले आणि पंचाला बोलावले. बार्बोसाकडे पन्नास वर्षे बोटे दाखवली गेली. या पोराने बोट उलट फिरवले. गंमत पाहा, त्याच सामन्यात धक्काबुक्कीत लाल कार्ड मिळाले तेही त्यालाच. मागाहून ते रद्द झाले. दुसऱ्या रात्री रिओच्या डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याचे दिवे त्याच्यासाठी तासभर विझवले गेले. जुलैमध्ये रिओ राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला की मैदानात वंशद्वेषी प्रकार झाला तर सामना थांबवता येईल. तो कार्यक्रम झाला माराकाना स्टेडियमात, जिथे बार्बोसा हरला होता. आणि १० जून २०२४ रोजी व्हॅलेन्सियाच्या तिघांना आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. स्टेडियममधल्या वंशद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्ये झालेली ही पहिली शिक्षा.

पण त्या निकालाच्या अडीचच महिने आधी हाच व्हिनिसियस पत्रकारांसमोर रडला. खेळायची इच्छा दिवसेंदिवस कमी होते आहे, असे म्हणाला. लाखो लोक त्याच्या पाठीशी, कोट्यवधींची कमाई, आणि तरीही. मग आठवीतल्या पोराच्या पोटात दुखले तर त्यात जंताचा काय दोष!

त्याच्या आईला आम्ही सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेले. तिथल्या बाई पोराशी एकट्याने अर्धा तास बोलल्या, मग आईशी. औषध दिले नाही. मैदानावर जा म्हणून जबरदस्ती करू नका, मारू तर मुळीच नका, झोप आणि जेवण यांकडे लक्ष ठेवा आणि पुन्हा आणा, एवढे सांगितले. ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांनी १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात.

मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला की पोराला बाहेरून शिवी ऐकू आली तर पंचाने खेळ थांबवावा, दुसऱ्यांदा झाले तर त्या बाजूच्या लोकांना मागे हटवावे, तिसऱ्यांदा सामना बंद. हे आमच्या डोक्यातले नाही. थांबवा, पोरांना बाहेर न्या, बंद करा, अशा तीन पायऱ्या जागतिक फुटबॉल संघटनेने २०२४ साली सगळ्या देशांना सांगितल्या आहेत. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मग सामना बघायचा कशाला?" पुष्कळ हसले. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे.

गेल्या रविवारी आम्ही पोराच्या घरी गेलो. वडील नुकतेच पाळीवरून आले होते, त्यांच्यासमोरच बोललो. लोण्याचं मी म्हणालो होतो, माझी चूक झाली, असे सांगितले. चाळीस ओलांडलेल्या माणसाला हे वाक्य उच्चारायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळले. पोराने मान वर केली नाही. मग आम्ही बार्बोसाची गोष्ट सांगितली, दुकानातल्या बाईचे मात्र गाळले. बापही चहाचा कप हातात धरून ऐकत होता.

पोराने विचारले, "मग त्यानं खेळणं सोडलं का?"

"नाही रे. वास्कोकडून पुढे कित्येक वर्षं खेळला. १९६२ पर्यंत गोलमध्ये उभा राहत होता. चाळिशी उलटली होती."

तो बराच वेळ चटईची काडी उपसत बसला. मग म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी मी येऊन बघतो. पण तुम्ही गोलच्या मागं उभं राहू नका."